सायलेन्सर बदलल्यावर कार्ब्युरेटरचे जेट कसे जुळवावेत

रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी गाडीला फ्री-फ्लो, म्हणजे धूर मोकळा सोडणारा सायलेन्सर बसवला, की गॅरेजमध्ये ‘जेट (कार्ब्युरेटरमधला, पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) वाढवायचा का?’ हा प्रश्न लगेच निघतो आणि बहुतेक वेळा त्याचे उत्तर गाडी चालवून न पाहता, प्लगही न काढता दिले जाते. मग एकतर मोठा जेट बसवला जातो आणि गाडी पेट्रोल प्यायला लागते, किंवा काहीच केले जात नाही आणि इंजिन उन्हाळ्यात तापून पिकअप सोडते. या दोन्ही टोकांच्या मधला रस्ता म्हणजे इंजिनाला काय हवे आहे ते एकेका टप्प्यावर तपासणे आणि तेवढेच देणे. पुढील माहिती २००९ ते २०२० या काळातल्या, व्हॅक्यूमवर उचलल्या जाणाऱ्या स्लाइडचा (हवेची वाट कमीजास्त करणाऱ्या सरकत्या भागाचा), म्हणजे सीव्ही कार्ब्युरेटर असलेल्या क्लासिक आणि बुलेट ३५० गाड्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेटच्या कार्ब्युरेटरमध्ये जिथे फरक पडतो, तिथे तो सांगितला आहे.

आधी कारण नीट समजून घ्यावे. ‘सायलेन्सर मोकळा झाला की हवा जास्त आणि पेट्रोल कमी’ हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे, कारण कार्ब्युरेटरच्या गळ्यातून हवा जास्त वेगाने गेली तर ती पेट्रोलही जास्तच ओढते. खरी अडचण अशी, की प्रदूषणाचे निकष पाळण्यासाठी कंपनीने मूळ मिश्रण आधीच कमी पेट्रोलाचे, म्हणजे लीन ठेवलेले असते. त्यात मोकळ्या सायलेन्सरमुळे इंजिनाचा श्वास थोडा जरी बदलला, तरी हाताशी असलेली थोडीफार सवलतही संपते. शिवाय पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. निव्वळ पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणासाठी सुमारे १३.५ भागच पुरते. कार्ब्युरेटरला हा फरक कळत नाही, म्हणून जुनी गाडी सायलेन्सर न बदलताही पूर्वीपेक्षा लीन चालत असते. त्यामुळे फक्त मागचा सायलेन्सर बदलला आणि हवेचा फिल्टर मूळचाच ठेवला, तर फेरफार बहुधा थोडासाच लागतो. बेंड पाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी वाकडी नळी), सायलेन्सर आणि फिल्टर असे तिन्ही बदलले, तर मात्र सगळी जुळणी नव्याने करावी लागते.

कायद्याचा मुद्दा इथेच उरकून घेतो. गाडीत नोंदणीपेक्षा वेगळा बदल करण्यावर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, १७५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकीसाठी आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, आणि पुणे-नागपूरसारख्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याचे सर्वांनी पाहिले आहे. म्हणून आवाज आवरणारी आतली नळी, जिला दुकानदार डीबी किलर म्हणतात, ती जागेवर ठेवूनच जुळणी करावी. ती नंतर काढली, तर मिश्रणही बदलते आणि केलेले सगळे काम वाया जाते.

जेटला हात लावण्यापूर्वी

सिलिंडर हेड आणि बेंड पाइप यांच्यामधले गॅस्केट नवे असावे, कारण तिथली बारीकशी गळतीसुद्धा लीन मिश्रणासारखीच लक्षणे दाखवते. थंड इंजिन सुरू करून लगेच त्या जोडावर आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पवर साबणाचे पाणी सोडावे. बुडबुडे आले तर तिथेच थांबून जोड पक्का करावा. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामधल्या रबरी नळीला चिरा गेल्या आहेत का, हे दिवसाच्या उजेडात ती किंचित वाकवून पाहावे. फिल्टर स्वच्छ असावा, प्लग नवा असावा, पेट्रोलचा कॉक उघडल्यावर नळीतून धार सलग पडावी. यूसीई इंजिनात, म्हणजे वर सांगितलेल्या २००९ नंतरच्या गाड्यांच्या इंजिनात, हायड्रॉलिक टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारे, आपोआप जुळणारे भाग) असल्याने तो भाग सोडून देता येतो. कास्ट आयर्न बुलेटवर मात्र थंड इंजिनात पुशरॉड बोटांनी सहज फिरावेत पण वरखाली खेळू नयेत, इतके टॅपेट आधी लावून घ्यावेत.

हत्यारांच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. कार्ब्युरेटरचे बरेच स्क्रू फिलिप्ससारखे दिसत असले तरी ते जपानी मापाचे असतात, आणि साध्या स्क्रू-ड्रायव्हरने जोर लावला की त्यांची खाच गोल होते. जेट पितळेचे, म्हणजे मऊ असतात, त्यामुळे खाचेत पूर्ण रुंदीने बसणारे पातेच वापरावे. बाउलखाली, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाशी पेट्रोल साठवणाऱ्या वाटीखाली, स्वच्छ पांढरे कापड पसरावे, म्हणजे निसटलेला जेट सापडतो आणि बाउलच्या तळाशी गंज किंवा पाणी जमले असेल तर तेही त्या कापडावर दिसते.

जेट विकत घेताना तो त्याच कंपनीचा आणि त्याच आकाराच्या डोक्याचा घ्यावा. एका कंपनीचा १०० आणि दुसऱ्या कंपनीचा १०० यांतून सारखेच पेट्रोल जाईल, असे नसते. क्लचच्या केबलमधला तारेचा धागा घालून जुन्याच जेटचे भोक ‘मोठे’ करून देणारे मिस्त्री आजही भेटतात. तसे केलेल्या जेटवरचा आकडा खोटा ठरतो आणि परत मागे जाण्याची वाट बंद होते, म्हणून त्यांना नम्रपणे नाही म्हणावे.

शेवटची तयारी थ्रॉटलची. ग्रिपच्या कडेवर आणि स्विचच्या डबीवर कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशा खुणा पेनाने कराव्यात. हे पोरखेळासारखे वाटते, पण ‘मध्येच अडखळते’ या तक्रारीचा अर्थ लावायला दुसरा उपाय नाही, कारण माणसाला अर्धा वाटणारा थ्रॉटल पुष्कळदा पावाइतकाच उघडलेला असतो. बंद ते पाव या भागात पायलट जेट आणि त्याचा स्क्रू, पाव ते पाऊण या भागात सुई (स्लाइडबरोबर वरखाली होऊन पेट्रोल कमीजास्त करणारी), आणि त्यापुढे मेन जेट असा कामाचा ढोबळ वाटा असतो. सीव्ही कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड थ्रॉटलच्या तारेने नव्हे तर व्हॅक्यूमने उचलली जाते, त्यामुळे या हद्दी थोड्या पुढेमागे होतात.

मेन जेट

सुरुवात मेन जेटपासून करावी, पायलटकडे नंतर वळावे आणि सुई सर्वांत शेवटी घ्यावी. सुईच्या टप्प्यातले पेट्रोल मेन जेटमधूनच वर येते आणि त्यात पायलटचीही थोडी भर पडत असते, म्हणून दोन्ही टोके पक्की होईपर्यंत मधल्या भागाला हात लावण्यात अर्थ नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, रहदारी नसलेल्या लांब चढावर तिसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पूर्ण उघडून काही सेकंद धरावा. चढ निवडण्याचे कारण असे, की वेग आवाक्यात राहतो आणि इंजिनावर भारही भरपूर येतो. आता थ्रॉटल पूर्णावरून अगदी किंचित मागे घ्यावा. त्या क्षणी गाडी मंदावण्याऐवजी जराशी सुटल्यासारखी पुढे गेली, तर मिश्रण लीन आहे आणि जेट एका पायरीने वाढवावा. उलट पूर्ण थ्रॉटलवर इंजिन घुसमटल्यासारखे, भुरभुर आवाज करत चालले आणि सायलेन्सरमधून काळसर धूर दिसला, तर मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त आहे. मूळ जेटवरचा आकडा आधी लिहून ठेवावा आणि तिथून २.५ किंवा ५ च्या पायऱ्यांनीच पुढे जावे. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर तोच चढ पुन्हा चालवावा.

खात्रीसाठी प्लग पाहावा. नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलवर थोडे अंतर जावे, मग थ्रॉटल तसाच ठेवून क्लच दाबावा आणि त्याच क्षणी किल स्विचने इंजिन बंद करून गाडी बाजूला थांबवावी. इंजिन स्लोवर, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरच्या संथ चालीत, चालू राहिले, तर प्लगवर दिसतो तो स्लोचा रंग. पोर्सेलिनचे टोक पाहून निष्कर्ष काढू नये. टॉर्च आणि भिंग घेऊन ते आत खोल, धातूच्या खोबणीत जिथे शिरते तिथला पट्टा पाहावा. तिथे फिकट तपकिरी कडे दिसणे चांगले, पांढरे शुभ्र किंवा चकचकीत ठिपके दिसणे धोक्याचे, आणि काळी मऊ काजळी दिसणे म्हणजे पेट्रोल जास्त. हल्लीच्या शिसेविरहित आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे हा रंग पूर्वीइतका गडद येत नाही, तेव्हा जुन्या मेकॅनिकच्या ‘विटकरी रंग आलाच पाहिजे’ या हट्टापायी जेट वाढवत बसू नये. जवळपास डायनो (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारे यंत्र) आणि वाइडबँड सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) असलेले वर्कशॉप असेल, तर पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा ०.८७ ते ०.९० च्या आसपास मिळवून द्यायला सांगावे. लॅम्डा म्हणजे प्रत्यक्ष मिळालेली हवा आणि पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा यांचे गुणोत्तर, १ पेक्षा कमी म्हणजे रिच. हे मान इथेनॉलच्या प्रमाणाने फसत नाही.

पायलट जेट आणि स्क्रू

सीव्ही कार्ब्युरेटरचा मिश्रणाचा स्क्रू सहसा इंजिनाच्या बाजूला असतो आणि कंपनीने त्यावर पितळी टोपी बसवलेली असू शकते. हा स्क्रू बाहेर काढला की पेट्रोल वाढते. जुन्या बुलेटच्या कार्ब्युरेटरवर तो फिल्टरच्या बाजूला, म्हणजे हवेचा असतो, आणि तिथे नियम उलटा होतो : बाहेर काढला की मिश्रण लीन. दोघांची गल्लत झाली, तर तासन्‌तास मेहनत करूनही गाडी बिघडतच जाते.

स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेत किती फेरे होतात ते मोजून लिहावे, कारण जोराने आवळल्यास त्याचे टोकदार बूड कायमचे दबते. मग मूळ फेऱ्यांवर परत येऊन गरम इंजिनाचे स्लो थोडे वाढवावे आणि स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत, प्रत्येक वेळी क्षणभर थांबून, इंजिनाचा वेग सर्वांत जास्त आणि ठोका सर्वांत सारखा जिथे येतो ती जागा शोधावी. त्यानंतर स्लो पुन्हा मॅन्युअलमधल्या आकड्यावर आणून तीच तपासणी आणखी एकदा करावी. पेट्रोलचा स्क्रू साधारण तीन फेऱ्यांपेक्षा जास्त बाहेर काढल्यावरच इंजिन खूश होत असेल, तर एक पायरी मोठा पायलट जेट हवा. एका फेऱ्याच्या आतच ती जागा सापडत असेल, तर लहान. थ्रॉटल झटकन उघडल्यावर इंजिन क्षणभर ‘ढुप्प’ करून मग उचलत असेल, तरीही पहिला संशय याच भागावर घ्यावा.

सुई

पाव ते पाऊण थ्रॉटल म्हणजे रोजचा प्रवास. पन्नास-साठच्या वेगाने जाताना गाडी कोणी मागून ओढतसोडत असल्यासारखी हेलकावत असेल, तर दोष इथला. स्थिर वेगात चोकचा खटका किंचित ओढून पाहावा : गाडी सुधारली तर पेट्रोल कमी पडते आहे, आणखी मरगळली तर कमी पडत नाही.

सुईला क्लिपच्या अनेक खाचा असतील, तर क्लिप एक खाच खाली घेतल्याने सुई वर येते आणि पेट्रोल वाढते. सीव्ही कार्ब्युरेटरच्या मूळ सुईला पुष्कळदा एकच खाच असते. तिथे क्लिपखाली अर्धा मिलिमीटर जाडीचा पितळी वॉशर घालून तेच साधावे. वरचे झाकण काढताना आतली लांब स्प्रिंग उसळते, म्हणून ते अंगठ्याने दाबून धरावे, आणि परत बसवताना डायफ्रॅमची, म्हणजे पातळ रबरी पडद्याची कड खोबणीत सगळीकडे बसल्याशिवाय स्क्रू आवळू नये. दुमडलेला पडदा फाटला, की स्लाइड उचलली जात नाही आणि गाडी अर्ध्या थ्रॉटलपुढे जायलाच नकार देते.

फटाके

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके वाजले, की सगळे जेटकडे धावतात. बहुतेकदा कारण आधी सांगितलेली जोडावरची गळतीच असते, किंवा प्रदूषण कमी करण्यासाठी एक्झॉस्ट पोर्टमध्ये ताजी हवा सोडणारा व्हॉल्व्ह. मूळ सायलेन्सरमध्ये ती हवा मुकाट्याने काम करते, मोकळ्या सायलेन्सरमध्ये ती ऐकू येते. उतारावरचा हलका फटफटाट सोडून द्यावा. तो घालवण्यासाठी पायलट रिच करत गेलो, तर स्लोवरचा कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि पीयूसीत, २००० नंतरच्या जुन्या चारस्ट्रोक गाड्यांसाठी असलेली ३.५ टक्क्यांची मर्यादा ओलांडली जाते. आखूड मोकळ्या पाइपमुळे खालच्या वेगातला जोर गेला असेल, तर तोही कोणताच जेट परत आणून देत नाही.

जुळणी जिथे गाडी रोज चालते त्या उंचीवर करावी. मुंबईत नेमकी बसलेली गाडी १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरला विरळ हवेमुळे थोडी रिच चालेल, आणि तेवढे चालवून घ्यावे. उलट थंडीत महाबळेश्वरला जुळवलेली गाडी तशीच कोकणात उतरवली, तर ती लीन होईल, आणि इंजिनाला अपाय होतो तो लीन मिश्रणानेच.

इंजेक्शनच्या गाड्या

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ गाड्यांना जेटच नाहीत. स्लो आणि सावकाश चालीत ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, मिश्रण स्वतःच सुधारत राहतो, त्यामुळे मागचा सायलेन्सर बदलल्यावर त्या टप्प्यात सहसा काही करावे लागत नाही. पूर्ण थ्रॉटलवर मात्र तो ठरलेल्या नकाशावर, म्हणजे आधीच भरून ठेवलेल्या पेट्रोलच्या तक्त्यावर चालतो, आणि बेंड पाइप व फिल्टर बदलल्यास बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सच्या फ्युएलएक्ससारखे उपकरण किंवा ईसीयूचे नवे मॅपिंग लागू शकते. वॉरंटीतल्या गाडीबाबत हा निर्णय तेवढ्याच विचाराने घ्यावा. उपकरण विकत घेण्यापूर्वी सेन्सरच्या अलीकडचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, कारण तिथून आत शिरणारी हवा पाहून सेन्सर मिश्रण लीन असल्याचे कळवतो आणि ईसीयू नको तिथे पेट्रोल वाढवत बसतो.