कुत्र्याचा डोळा अचानक बिघडला तर: दवाखान्यात पोहोचेपर्यंत काय करायचं, काय नाही

डोळा दुखतोय म्हणून कुत्रा सहसा ओरडत नाही. एक डोळा बारीक करून बसतो, पंजाने चोळतो, तोंड गादीला घासतो, उजेडाकडे पाठ फिरवतो. अर्धवट मिटलेला डोळा म्हणजे दुखणारा डोळा, असंच धरून चालायचं आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्यायचं. दोन्ही डोळे खिडकीच्या उजेडात शेजारीशेजारी बघा. बाहुल्या लहानमोठ्या, एका बुबुळावर धुरकटपणा, पांढऱ्या भागात ठसठशीत लाल शिरा, हिरवट चिकट घाण, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरातले जुने ड्रॉप्स घातल्याने. डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन ही नावं बाटलीवर असतील तर ते स्टेरॉइड आहे. अनेक अँटिबायोटिक ड्रॉप्समध्येही ते मिसळलेलं असतं. बुबुळाच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा किंवा व्रण असेल तर स्टेरॉइडमुळे तो भरत नाही, जंतूंना मोकळं रान मिळतं आणि पडदा अक्षरशः विरघळायला लागतो. घातल्यावर लाली कमी होते, म्हणून तर लोक फसतात. व्रण आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टर फ्लुरोसिन या रंगाची नारिंगी पट्टी टेकवतात. व्रण असेल तिथे रंग धरतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. साधा व्रण आठवडाभरात भरतो. भरला नाही तर उलटी वळलेली पापणी, चुकीच्या जागी उगवलेला केस, आत अडकलेलं कुसळ किंवा कोरडा डोळा शोधावा लागतो. कोरडेपणासाठी कागदी पट्टी 60 सेकंद पापणीत ठेवतात. 15 मिमी किंवा जास्त ओली झाली तर अश्रू पुरेसे आहेत.

डोळ्यात साबण, फिनाईल, चुना, सिमेंट असं काही गेलं असेल तर दवाखान्याला फोन करण्याआधी डोळा धुवायला घ्या. कोरडी पूड असेल तर आधी झटकून काढा. एकाने कुत्र्याला पाठीमागून कवेत धरून त्याची हनुवटी हातात घ्यावी, दुखरा डोळा खालच्या बाजूला येईल असं डोकं कलवावं, म्हणजे ओघळ चांगल्या डोळ्यात जात नाही. दुसऱ्याने पापण्या अंगठा आणि तर्जनीने उघड्या धरून 0.9 टक्के नॉर्मल सलाईन, सुई काढलेल्या 20 मिलीच्या सिरिंजने, नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला सोडत राहावं. सलाईन नसेल तर कोमट स्वच्छ पाणी चालतं. घड्याळ लावून 20 मिनिटं धुवा. दोन मिनिटांत कुत्रा कंटाळतो आणि माणूसही, पण चुन्यासारखा अल्कली पदार्थ आत झिरपत राहतो. काटा बुबुळात रुतलेला दिसला तर धुवायचंही नाही आणि उपटायचंही नाही. त्याने भोक बुजवलेलं असतं. ओढला की आतलं पाणी बाहेर येतं.

पग, शिह त्झू, पेकिंगीज यांच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात. भांडणात किंवा मानेची कातडी जोरात ओढली तरी डोळा पापण्यांच्या बाहेर येऊ शकतो. तो आत ढकलू नका. सलाईनमध्ये भिजवलेला गॉज त्यावर अलगद ठेवा, सुकू लागला की पुन्हा भिजवा, कोन कॉलर लावा आणि ताबडतोब निघा. भूल देऊन डोळा आत बसवतात आणि पापण्या काही दिवस शिवून ठेवतात. म्हणूनच वाटेत खाऊ घालू नका.

काचबिंदू, म्हणजे डोळ्यातला दाब वाढणं, वेगळा. कुत्र्याच्या डोळ्याचा दाब साधारण 10 ते 25 मिमी पारा असतो. तो एकदम 50 च्या पुढे गेला तर एक-दोन दिवसांतच नजर कायमची जाऊ शकते. काचेवर श्वास सोडल्यासारखं निळसर धुकं, लाल डोळा, मोठी आणि उजेडातही न आकसणारी बाहुली ही खूण. बाहुली बारीक असेल तर बहुधा आतली सूज असते, आणि गोचीडतापही त्यामागे असू शकतो. दाब मोजल्याशिवाय थेंब घालू नयेत. बाहुली मोठी करणाऱ्या ॲट्रोपिनने काचबिंदू आणखी चढतो. कॉकर स्पॅनियल, बॅसेट हाउंड, बीगल यांच्यात एका डोळ्याला झालं की दुसऱ्या डोळ्याचे थेंब लगेच सुरू करतात. नेताना गळपट्ट्याऐवजी हार्नेस घाला, कारण मान ओढली की दाब वाढतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्याला विषारी ठरतं.

नजर गेली आहे का, हे बघायला डोळ्यासमोर हात हलवणं फसवं; वारा लागला तरी कुत्रा पापणी मिटतो. कापसाचा बोळा नाकासमोर वरून सोडा. आवाज नसतो, वास जवळपास नसतो. दिसत असेल तर मान त्यामागे जाते. एकेक डोळा हाताने झाकून दोनतीनदा करा. मग ओळखीच्या खोलीत खुर्ची आडवी ठेवून मंद उजेडात चालवा.

डोळा वरून अगदी ठणठणीत आणि कुत्रा मात्र अचानक भिंतीला धडकतो, असं झालं तर रक्तदाब मोजायला सांगा. किडनीच्या आजारात रक्तदाब वाढून डोळ्याच्या मागचा पडदा (रेटिना) सुटतो, आणि लवकर औषध मिळालं तर काही कुत्र्यांची नजर परतते. तहान, लघवी, वजन वाढलेल्या मध्यमवयीन कुत्रीत याच मागच्या पडद्याच्या पेशीच अचानक काम सोडतात असाही एक आजार आहे. त्यावर खात्रीचा इलाज नाही, पण तो दुखत नाही. मधुमेही कुत्र्यात मोतीबिंदू काही दिवसांतही चढतो, म्हणून पाणी खूप पितोय असं दिसलं तर साखर तपासून घ्या.