नानकटाई पसरते, कंदील कलंडतो: या चुका टाळा

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात दोन तक्रारी ठरलेल्या. नानकटाईची भाकरी झाली, आणि कंदील एका कुशीवर लोंबतोय. दोन्ही गोष्टी घरी करायच्या त्या चार पैसे वाचावेत म्हणून. मग अर्धा तास वाचवायच्या नादात साजूक तूप वाया घालवण्यात कसली आली काटकसर?

आधी प्रमाण. साधारण वीस नगांसाठी मैदा 150 ग्रॅम, बेसन 30 ग्रॅम, बारीक रवा 20 ग्रॅम, पिठीसाखर 100 ग्रॅम, तूप 110 ग्रॅम, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि जायफळ. वजनाचा काटा नसेल तर वाटी चालते, पण सगळ्याला एकच वाटी आणि मैदा चमच्याने सैल भरलेला. डब्यात वाटी खुपसून दाबून भरली की पीठ भलतंच जास्त होतं.

तूप पातळ करून घालणं

नव्वद टक्के रडगाणं इथून सुरू होतं. एका घरची हकिकत सांगण्यासारखी आहे. तूप घट्ट आहे, फेटायला हात दुखतो, म्हणून तुपाचं भांडं गॅसवर ठेवलं. तूप पाण्यासारखं झालं, त्यात साखर आणि मैदा घातला. गोळा सैल लागला, म्हणून दोन मुठी मैदा वाढवला. तरी गोळे बसेनात, म्हणून आणखी एक मूठ. आता पीठ फुटायला लागलं, तर त्यावर दुधाचा हबका. पहिलं ताट भाजताना सगळ्या नानकटाया एकमेकींना चिकटून एक अखंड पोळी झाली, कारण ते ताट दूध घालायच्या आधी लागलं होतं. दुसऱ्या ताटातल्या पसरल्या नाहीत, पण दाताखाली दगड. आणि निष्कर्ष काय निघाला? मैदा वाईट होता!

मैद्याचा काही दोष नव्हता. घट्ट, रवाळ तुपात पिठीसाखर घालून फेटलं की त्यात हवा कोंडली जाते आणि तीच नानकटाईला खुसखुशीत करते. पातळ तुपात हवा टिकत नाही. शिवाय आच लागताच ते वाहतं, मैद्याला आकार धरायला वेळच मिळत नाही. दुधाने उलटंच होतं. ओलावा मिळाला की मैदा मळल्यासारखा चिवट होतो, आणि भाजल्यावर कडक.

तूप बोटाने दाबलं तर खळगा पडावा, पण थेंब ओघळू नये. कोकणात, मुंबईत दुपारी ते तसं राहत नाही. तिथे तूप पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावं, किंवा सरळ सकाळी लवकर करायला घ्यावं. हाताने सात-आठ मिनिटं एकाच दिशेने फेटायचं, रंग पिवळ्याचा पांढुरका झाला की थांबायचं. पीठ घातल्यावर मळायचं नाही, बोटांनी फक्त गोळा करायचा. सैल वाटला तर मैदा नको, गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये. फुटत असेल तर दूध नको, एक छोटा चमचा तूप. वीस-वीस ग्रॅमचे गोळे, मध्ये दोन बोटांचं अंतर. आणि झालीच पोळी, तर ताट गरम असतानाच सुरीने चौकोन कापा. चव काही गेलेली नसते.

तुपाऐवजी तेल घालणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पसरणारच. वनस्पती तूप आकार उत्तम धरतं, बेकऱ्या उगाच वापरत नाहीत, पण टाळूला चिकटतं. परवडत नसेल तर अर्धं साजूक, अर्धं वनस्पती. पूर्ण वनस्पतीपेक्षा ते बरं.

कढईत रंग येण्याची वाट बघणं

ओव्हन नसला तरी जाड बुडाची कढई पुरते. तळाला बोटभर जाडीचा मिठाचा थर, त्यावर स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायची. मग ताट ठेवून मंद आचेवर वीस ते पंचवीस मिनिटं. ताट कढईच्या कडांना टेकता कामा नये, चारी बाजूंनी दोन सेंटिमीटर जागा हवी, नाहीतर गरम हवा वर फिरत नाही.

कढईत आच फक्त खालून असते, त्यामुळे नानकटाई वरून पांढरीच राहते. लोक वरच्या रंगाची वाट बघत बसतात आणि तळ काळा करतात. विसाव्या मिनिटाला एक नग उलथण्याच्या टोकाने हळूच कलता करून बघा. तळ फिकट बदामी दिसला की झालं. त्या वेळी ती मऊ लागते, म्हणून ‘कच्ची आहे’ म्हणत परत ठेवणारे बरेच. ती निवताना कडक होते. दहा मिनिटं ताटातच राहू द्या, गरम उचलली तर हातात चुरा येईल.

नॉनस्टिक कढई या कामाला नाही. रोजचा कुकरही नको. कोरडा तापवून त्याचा बूड वाकतो, आणि शिट्टी-रिंग काढायची राहिली तर रिंग जळते. हे मीठ गार करून बरणीत ठेवा, पुढच्या खेपेलाही चालतं. स्वयंपाकात मात्र घालू नका.

बाकीचं थोडक्यात. बेकिंग पावडरऐवजी खायचा सोडा सढळ हाताने टाकला की साबणासारखी चव येते. पूर्ण गार होण्याआधी डबा बंद केला की आतल्या वाफेने नानकटाया दुसऱ्या दिवशी मऊ. स्टेशनरीच्या दुकानातला बटर पेपर चित्रकलेचा असतो, भाजायचा नव्हे. ताटाला तुपाचा हात पुरतो. डब्यात तळाला वर्तमानपत्रही घालू नका. छपाईची शाई खाण्याला लागते, आणि 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थांसाठी त्याला मनाईच आहे.

कामट्या अंदाजाने तोडणं

आता कंदील. आपला पारंपरिक कंदील म्हणजे कोपऱ्यावर उभे केलेले चार चौकोन, वर-खाली एकेक उघडा चौकोन आणि मधल्या फटींत आठ त्रिकोण. एकूण 24 कामट्या, म्हणजे बांबूच्या बारीक काड्या, सगळ्या एकाच मापाच्या. बाजू 25 सेंटिमीटर धरली तर कंदील साधारण 35 सेंटिमीटर उंच होतो. हे ‘एकाच मापाच्या’ कोणी मनावर घेत नाही. पहिली कामटी मोजून, पुढची पहिलीवर धरून, त्यापुढची दुसरीवर धरून तोडतात. दर वेळी दोन-तीन मिलिमीटर सरकतात, आणि चोविसावी कामटी भलत्याच लांबीची होते. मग कंदील कलंडतो आणि दोष दोरीला.

प्रत्येक कामटी 27 सेंटिमीटर तोडा, दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि खुणेवरच बांधा. पुठ्ठ्यावर 25 चा चौकोन आखून चारही चौकोन त्याच्यावरच बांधायचे. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच पुढे. मग चौकोन कोपऱ्यावर उभे करून बाजूचे कोपरे एकमेकांना बांधायचे, आणि वरची चार टोकं चार कामट्यांनी, खालची चार टोकंही चार कामट्यांनी जोडायची. कामटीचं एक टोक जाड असतं, ती सगळी एकाच बाजूला येऊ देऊ नका. गाठीवर गोंद शेवटी. सांगाडा नुसताच टांगून बघा, तिरका वाटला तर गाठी सरकवून सरळ करा, आणि मग गोंदाचा थेंब. ज्यांना घाई असते ते आधी गोंद लावतात आणि नंतर सांगाडा वाकवत बसतात.

कागदाला 1.5 सेंटिमीटर मुडप ठेवा. खळ कामटीला लावायची, पतंगी कागदाला नाही. ओला झाला की तो फाटतो आणि रंग सोडतो. खळीसाठी दोन मोठे चमचे मैदा वाटीभर गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. नुसता कालवलेला मैदा वाळला की पापडी होऊन सुटतो. मुलं हाताशी असतील तर खळीला कीड लागू नये म्हणून घालतात तो मोरचूद घालायचा नाही, ते विष आहे.

आत जुना 60 वॉटचा बल्ब नको, कागद करपतो. पाच ते सात वॉटचा एलईडी भरपूर. होल्डर दोरीने वरच्या चौकोनाला बांधा, वजन वायरवर येऊ देऊ नका.

कागद फेविकॉलने चिकटवायचा मोह होतो, पण खळीचा खरा फायदा तुळशीच्या लग्नानंतर कळतो. ओलं फडकं दहा मिनिटं लावून ठेवलं की कागद कामटीवरून सोलून निघतो. सांगाडा माळ्यावर खिळ्याला टांगून ठेवायचा, त्यावर गाद्या-पिशव्या रचायच्या नाहीत. पुढच्या वर्षी खर्च फक्त कागदाचा.