बेसिकमध्ये लेबल लावलेला डेटा वाचताना गाडी दुसऱ्या लाइनवर जाऊ नये म्हणून

एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं 2018 मध्ये. त्याआधीच्या वर्षी सीएसटीत 'महाराज' आल्याने ते सीएसएमटी झालं. स्टेशनांची नावं ज्याने प्रोग्रॅमभर प्रिंटच्या ओळींत विखरून ठेवली असतील, त्याला ती एकेक शोधून बदलावी लागली असणार. ज्याने ती डेटाच्या ओळींत एका जागी ठेवली, त्याचं काम दोन मिनिटांचं. 1964 साली केमेनी आणि कुर्ट्झ यांनी डार्टमथ कॉलेजात बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा सुरू केली, तेव्हापासून रीड (वाचणारी आज्ञा) आणि डेटा (माहिती साठवणारी ओळ) तिच्यात आहेत.

खालचं उदाहरण क्यूबेसिक किंवा क्यूबी64 या बेसिकच्या आवृत्त्यांसाठी आहे. वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिलंय. टाइप करताना आज्ञा, लेबलं आणि नावं रोमन लिपीत टाका.

आधी प्रोग्रॅमच्या शेवटी, एंडच्या खाली, माहिती लिहा. लेबल म्हणजे एक नाव आणि पुढे अपूर्णविराम. डेटाच्या पहिल्या ओळीत किती नावं येणार तो आकडा:

पश्चिम:
डेटा 9
डेटा चर्चगेट, मरीन लाइन्स, चर्नी रोड
डेटा ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी
डेटा लोअर परळ, प्रभादेवी, दादर
मध्य:
डेटा 8
डेटा सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, भायखळा
डेटा चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर

मग वर वाचणारा भाग. रिस्टोरपुढे लेबल लिहिताना अपूर्णविराम नको:

रिस्टोर मध्य
रीड एकूण
फॉर आय = 1 टू एकूण
रीड नाव$
प्रिंट नाव$
नेक्स्ट आय
एंड

चालवून बघा, मध्य रेल्वेची आठ स्टेशनं येतील. 'मध्य'च्या जागी 'पश्चिम' लिहिलंत की नऊ. रिस्टोरपुढे लेबलच लिहिलं नाही, तर वाचन प्रोग्रॅममधल्या पहिल्या डेटापासून सुरू होतं.

आता खरी गोम. लेबल पाहून वाटतं की हे दोन वेगळे डबे आहेत. तसं काही नसतं. बेसिकच्या लेखी सगळा डेटा ही एकच लांब रांग, आणि 'पुढचं काय वाचायचं' हे दाखवणारी खूणही एकच. रिस्टोर ती खूण लेबलापाशी नेऊन ठेवतं, बस्स. तिथून पुढे खूण सरकत राहते आणि पुढचं लेबल आलं म्हणून थांबत नाही. लेबलाला सुरुवात असते, शेवट नसतो. म्हणून तर तो आकडा आधी लिहिला.

आकडा असूनही मी एकदा फसलोच. ग्रँट रोड आणि मुंबई सेंट्रल यांच्यामधला स्वल्पविराम राहून गेला. दोन्ही मिळून एकच नाव झालं, स्टेशनं उरली आठ, आणि नववं म्हणून दादरनंतर पडद्यावर छापून आलं: 8. मध्य रेल्वेचा आकडा! अक्षरांच्या चलात (म्हणजे $ लावलेल्या नावात) अंक वाचला तर बेसिक कुरकुर करत नाही. उलट झालं, म्हणजे 'एकूण'मध्ये 'सीएसएमटी' वाचायची वेळ आली, तर मात्र क्यूबेसिक सिंटॅक्स एरर दाखवतं, आणि माणूस बिचारा व्याकरणाची चूक शोधत बसतो. रांगच संपली तर 'आउट ऑफ डेटा'. ही चूक निदान खरं बोलते.

मोजणं नको असेल तर आकडा काढून टाका, प्रत्येक गटाच्या शेवटी 'समाप्त' असा शब्द ठेवा आणि तो येईपर्यंत वाचा. नावं वरचेवर वाढणार असतील तर मला हाच मार्ग बरा वाटतो. आकडा बदलायला आपण हमखास विसरतो.

नावातच स्वल्पविराम असेल तर ते अवतरणात घाला: "दादर, पूर्व". डेटाच्या ओळीअखेर ' लावून टीप लिहू नका, ती टीपही डेटा समजली जाते. क्यूबेसिकमध्ये डेटाच्या ओळी सबच्या, म्हणजे उपप्रोग्रॅमच्या, आत चालत नाहीत. मुख्य भागात ठेवा, सबमधून रीड खुशाल करा. आणि रिस्टोरला लेबलाच्या जागी चल देता येत नाही. वापरणाऱ्याने लाइन निवडायची असेल, तर असं लिहावं लागतं:

सिलेक्ट केस लाइन$
केस "प"
रिस्टोर पश्चिम
केस "म"
रिस्टोर मध्य
एंड सिलेक्ट

हार्बर जोडायची असेल तर डेटात एक गट आणि इथे दोन ओळी वाढवा. सीएसएमटी ते वडाळा रोड धरलंत तर आकडा 8.