समुद्रघोडे घरी आणण्यापूर्वी करायची तयारी

ही यादी भारताबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे, हे आधीच सांगितलेले बरे. भारतात समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. तेव्हा मुंबई-पुण्यातला एखादा दुकानदार ‘आणून देतो’ म्हणाला, तरी तो विषय तिथेच संपवावा. अमेरिकेत मात्र मत्स्यशेतीत जन्मलेले समुद्रघोडे कायदेशीरपणे विकत मिळतात, हवाईतील कोना येथे तर त्यांची खास शेतीच आहे. नवशिक्याला त्यांतला सर्वांत सोयीचा म्हणजे अटलांटिक किनाऱ्यावरचा हिपोकॅम्पस इरेक्टस. पूर्ण वाढलेला इरेक्टस साधारण १५ ते १८ सेंटिमीटर भरतो आणि पुढचे सगळे आकडे याच जातीच्या एका जोडीसाठी दिलेले आहेत.

मत्स्यालयाची तयारी टाकीच्या मापापासून सुरू करण्याची रीत आहे; समुद्रघोड्यांच्या बाबतीत ती फ्रीजरपासून सुरू करावी. या प्राण्याला जठर नाही आणि दातही नाहीत. नळीसारख्या तोंडातून ओढून घेतलेले भक्ष्य न चावता आत जाते आणि आतड्यातून इतक्या लवकर पुढे सरकते की त्यातले बरेचसे पोषण अंगी लागण्याआधीच बाहेर पडते. त्यामुळे प्रौढ समुद्रघोड्यालाही दिवसातून किमान दोनदा, शक्यतो तीनदा, खायला द्यावे लागते. इतके सकस खाद्य इतक्या वेळा एका घरगुती टाकीत पडणार म्हटल्यावर पाणी बिघडण्याचा धोका कायमचाच राहतो, आणि टाकीची उंची, फिल्टर, तापमान, सोबतचे प्राणी या सगळ्यांचे निर्णय त्यावरूनच ठरतात. घरात सकाळ-संध्याकाळ खात्रीने हजर राहणारे कोणी नसेल, तर पुढची कोणतीही वस्तू विकत घेऊ नये.

मुख्य खाद्य म्हणजे गोठवलेली मायसिस कोळंबी. ही दिसायला आपल्या जवळ्यासारखी असून छोट्या चौकोनी तुकड्यांत किंवा सपाट लाद्यांत मिळते. कॅनडातील ओकानागन सरोवरातून येणारी मायसिस आकाराने मोठी आणि स्निग्धांशाने भरपूर असते, ती इरेक्टसला चांगली मानवते. किमान महिनाभर पुरेल इतका साठा आधी करून ठेवावा. ब्राइन श्रिंप, म्हणजे आर्टेमिया, स्वस्त असते आणि समुद्रघोडे ती आवडीने खातातही, पण प्रौढ आर्टेमियात पोषण बेताचेच असल्याने ती अधूनमधून आणि मेदाम्ले व जीवनसत्त्वांच्या द्रावणात भिजवूनच द्यावी. प्रवासाने बिथरलेला प्राणी पहिले काही दिवस गोठवलेल्या खाद्याकडे पाहत नाही, त्याच्यासाठी जिवंत बारीक कोळंबी कोठे मिळते याची चौकशी करून ठेवावी. सुके दाणे आणि फ्लेक्स घेऊच नयेत. हलत नसलेला कोरडा कण हे खाद्य आहे हे समुद्रघोड्याला सहसा पटत नाही.

खाद्यासाठी लागणारी भांडी वेगळी ठेवावीत: बारीक जाळीची एक गाळणी, दोन वाट्या, एक लांब चिमटा आणि टर्की भाजताना रस सोडण्यासाठी वापरतात ती रबरी फुग्याची लांब नळी. स्वयंपाकघरातली चहाची गाळणी ‘आजच्यापुरती’ घेण्याचा मोह घरातल्या शांततेसाठीही टाळावा. लागेल तेवढाच तुकडा वाटीत काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावा, गाळणीत घेऊन आरओच्या पाण्याने धुवावा, कारण त्यातून निघणारे गढूळ पाणी टाकीत गेले की शेवाळाला खतच मिळते, आणि मग दहा-पंधरा मिनिटे जीवनसत्त्वांच्या द्रावणात ठेवून टाकीत सोडावा. वितळलेले खाद्य पुन्हा गोठवू नये.

खाद्य देण्याची जागा ठरलेली असावी. टाकीत पाण्याचा ओढ कमी असलेल्या कोपऱ्यात एक मोठा शिंपला किंवा काचेची बशी ठेवावी, नळीने मायसिस तिच्यात अलगद सोडावी आणि समोर बसून पाहावे. समुद्रघोडा खाद्यावर झडप घालत नाही. तो शेपटी कशाला तरी गुंडाळतो, मान खाली वळवतो, दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवत एकाच मायसिसकडे पाहत राहतो, कधी तोंड अगदी टेकेपर्यंत नेऊन माघार घेतो, आणि मग काचेबाहेरही ऐकू येणारा ‘टक्’ असा आवाज होतो तोवर मायसिस नाहीशी झालेली असते. मागोमाग त्याच्या कल्ल्यांतून खाद्याच्या चुऱ्याचा बारीक ढग बाहेर पडतो. उरलेले खाद्य पाऊण-एक तासात त्याच नळीने ओढून घेता येते. हा चुरा मात्र पाण्यातच राहतो आणि तो काढण्याचे काम फिल्टरचे असते. खाणे झाल्यावर पोटाकडे पाहण्याची सवय लावावी: बाजूने पाहिल्यास पोटाच्या कडा सपाट किंवा किंचित फुगीर दिसाव्यात, आत ओढलेल्या दिसल्या तर प्राणी उपाशी राहतो आहे असे समजावे. चपळ मादी आणि धिमा नर असेल, तर नराचा वाटा त्याच्या तोंडासमोर नळीने वेगळा पोहोचवावा लागतो.

आता टाकी. ती लांबीपेक्षा उंचीने निवडावी, कारण समुद्रघोडे वीण करण्यापूर्वी एकमेकांसमोर उभे राहून वर वर चढतात आणि मादी अंडी नराच्या पिशवीत त्याच अवस्थेत सोडते. उंची अपुरी असली की अंडी खाली सांडतात. पाण्याची उंची किमान ४५ सेंटिमीटर, जास्त असल्यास उत्तम, आणि क्षमता ११० लिटरांच्या खाली नको. टाकीच्या जवळजवळ दुप्पट क्षमतेचा प्रोटीन स्किमर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांनी पाण्यातली सेंद्रिय घाण वेगळी काढणारे यंत्र, बसवावा. टाकीखाली सम्प, म्हणजे मुख्य टाकीला जोडलेली दुसरी टाकी, ठेवायला जागा असेल तर ती वाया घालवू नये: पाण्याचे एकूण प्रमाण वाढते, हीटर तेथे हलवता येतो आणि समुद्रघोड्याची शेपटी त्याला गुंडाळली जाऊन भाजण्याचा प्रश्नच मिटतो. सम्प नसेल तर हीटरला जाळीचे आवरण हवेच.

तापमानाबाबत तडजोड करू नये. इरेक्टसची टाकी २० ते २३ अंश सेल्सियसच्या दरम्यान ठेवावी. इतर सागरी माशांसाठी सर्रास ठेवले जाणारे २५-२६ अंश तापमान या प्राण्याला स्वतःहून मारत नाही. पण व्हिब्रिओ गटातले जिवाणू उबदार आणि उष्ट्या खाद्याने भरलेल्या पाण्यात झपाट्याने वाढतात, आणि शेपटी सडणे, तोंड सुजणे, कातडीवर पांढरे चट्टे येणे यांसारख्या बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी तेच असतात. ह्यूस्टन किंवा फिनिक्समध्ये राहणाऱ्यांनी चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा, खर्च आधीच धरावा. पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावल्यास एक-दोन अंश उतरतात, पण बाष्पीभवन वाढते आणि रोज गोड्या पाण्याची भर घालावी लागते. माझे मत विचाराल तर दिव्यांवर आणि सजावटीवर करायचा खर्च चिलरकडे वळवावा.

पाणी आरओ-डीआयचे, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले, घ्यावे आणि त्यात सागरी मीठ मिसळून विशिष्ट घनता १.०२३ ते १.०२५ ठेवावी, ती तरंगत्या काट्यापेक्षा रिफ्रॅक्टोमीटरने मोजलेली विश्वासार्ह. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच यांच्या चाचण्यांचे संच घरात हवेत. टाकी भरल्यावर नत्रचक्र, म्हणजे अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचे काम, बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, आणि चाचणीसाठी टाकीत मुद्दाम थोडा अमोनिया घातल्यापासून चोवीस तासांत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर येईपर्यंत कोणताही प्राणी आणू नये. नायट्रेट २० पीपीएमच्या आत राहील अशा बेताने दर आठवड्याला पाणी बदलावे.

दगड कोरडेच घ्यावेत. समुद्रातून थेट आलेल्या जिवंत दगडांबरोबर एप्टेशिया आणि हायड्रॉइड हे डंख करणारे जीव येतात. हायड्रॉइड तर नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाहीत. शेपटी गुंडाळायला कॉलर्पा, ग्रॅसिलेरिया यांसारखी सागरी शैवाले, गॉर्गोनियन ही फांद्यांसारखी वाढणारी मऊ प्रवाळे किंवा प्लॅस्टिकच्या फांद्या वेगवेगळ्या उंचीवर असाव्यात. समुद्री फूल (ॲनिमोन) आणि डंख करणारी प्रवाळे नकोत. समुद्रघोड्यांना साचल्यासारखे पाणी लागते हा समज सोडून द्यावा: निश्चल कोपऱ्यांत उष्टे साठते आणि तेच पुढे कुजते. प्रवाह खेळता असावा, फक्त विसाव्याच्या काही जागा शांत असाव्यात आणि पंपाच्या प्रत्येक तोंडावर स्पंज बसवलेला असावा.

सोबतीला नॅसॅरियस आणि सेरिथ जातीच्या गोगलगायी पुरेत. खाद्यावर आधी पोहोचणारे चपळ मासे, खेकडे आणि सर्व प्रकारचे ट्रिगरफिश वर्ज्य. वेगवेगळ्या शेतीतून आलेले समुद्रघोडे एकत्र ठेवू नयेत, कारण एका ठिकाणच्या जिवाणूंना सरावलेला प्राणी दुसऱ्या ठिकाणच्या जिवाणूंना बळी पडतो. समुद्रघोड्यांच्याच कुळातल्या पाइपफिशच्या बाबतीतही तेच.

चाळीस लिटरांची एक रिकामी, तळाला वाळू नसलेली उपचार-टाकी तयार हवी, आणि तिचा स्पंज फिल्टर मुख्य टाकीच्या पाण्यात आधीपासून मुरलेला असावा. माशांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे का, हे प्राणी आणण्यापूर्वीच पाहून ठेवावे. नराच्या पिशवीत किंवा कातडीखाली वायूचे बुडबुडे साठले तर वापरले जाणारे ॲसेटाझोलामाइड हे औषध वैद्याच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. वीज गेल्यास चालेल असा बॅटरीवरचा हवेचा पंपही याच कपाटात ठेवावा.

विक्रेत्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत: प्राणी शेतीत जन्मलेला आहे का, तो गोठवलेली मायसिस खातो का, आणि खातानाचे चित्रण दाखवता येईल का. समुद्रातून पकडलेले स्वस्त समुद्रघोडे परजीवी घेऊन येतात आणि मेलेले खाद्य ओळखत नाहीत. पार्सल येईल त्या दिवशी दिवे मंद ठेवावेत, पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगू द्यावी आणि घनता जुळत असेल तर उगाच तासभर थेंबाथेंबाने पाणी मिसळत बसू नये. बंद पिशवीत साठलेला अमोनिया पीएच उतरल्यामुळे सौम्य राहिलेला असतो. पिशवी उघडून पीएच वाढू लागला की तोच विषारी होतो. प्राण्याला जाळीने बाहेर न काढता ओल्या हाताने, पाण्याखालीच, शेपटी बोटाला गुंडाळू देऊन हलवावे.

पिलांची तयारी पहिल्या वर्षी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नर दोन-तीन आठवडे पिशवी वाहतो आणि एका वेळी शेकडो पिले सोडू शकतो. त्या प्रत्येकाला रोज अनेकदा ताजी उबवलेली आर्टेमिया लागते, म्हणजे वेगळी टाकी, वेगळी उबवणी आणि बराच मोकळा वेळ.

सुट्टीत तीन-चार आठवडे भारतात जाणार असाल, तर खाद्य देणारी व्यक्ती निघण्यापूर्वी किमान आठवडाभर आधी घरी येऊन तुमच्यासमोर दोन्ही वेळा खाद्य देऊन जावी. प्रत्येक वेळचा वाटा छोट्या डबीत घालून, तारीख लिहून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बाकीचा साठा तिच्या हाती लागणार नाही असा ठेवावा, कारण प्रेमापोटी जास्त घातलेले खाद्य टाकी लवकर बिघडवते. उष्टे कधी काढायचे आणि तापमान २४ अंशांवर गेल्यास काय करायचे, हे कागदावर लिहून टाकीशेजारी चिकटवावे. अशी व्यक्ती मिळत नसेल, तर समुद्रघोड्यांची मागणी भारतातून परतल्यावर नोंदवावी.