प्रोटॉन पंपाच्या जनुकावर काम करताय? या चुका टाळा

व्ही-एटीपीएज हा पंप एटीपी (सेलचं इंधन) खर्चून लायसोसोममध्ये, म्हणजे सेलमधल्या पचनाच्या कप्प्यात, प्रोटॉन ढकलतो आणि आतला पीएच ४.५ ते ५ च्या घरात ठेवतो. त्याचं एखादं सबयुनिट (ज्या प्रोटीन तुकड्यांचा पंप बनतो त्यांतला एक) बंद केलं की पंप थांबला, असं आपण धरून चालतो. घोळ तिथेच होतो.

पंपच चुकीचा
ॲसिडिटीवरचं ओमेप्राझोल जठरातला हायड्रोजन-पोटॅशियम पंप अडवतं. ते कुटुंबच निराळं. इथे व्ही-एटीपीएज अडवणारं बॅफिलोमायसिन ए१ लागतं: १०० नॅनोमोलर, २ ते ४ तास. रात्रभर ठेवलं तर सेल्स मरू लागतात आणि जे दिसतं ते पंपाचं की मरणाचं, कळत नाही.

भावंडं विसरणं
काही सबयुनिट्सची एकापेक्षा जास्त जनुकं असतात. ‘बी’ सबयुनिटच्या दोन जनुकांपैकी एटीपी६व्ही१बी१ (बी१) मुख्यतः किडनीच्या इंटरकॅलेटेड सेल्समध्ये आणि अंतर्कर्णात चालतं. त्यात बिघाड झाला की डिस्टल रीनल ट्युब्युलर ॲसिडोसिस (किडनी आम्ल नीट बाहेर टाकत नाही असा आजार) होतो, सोबत बहुतेकदा बहिरेपण. बाकी बहुतेक सेल्सचा कारभार बी२ बघतं. हेला या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या मानवी सेल्समध्ये बी१ बंद करून ‘काही फरक नाही’ लिहिण्यात अर्थ नाही. पंपाचे दोन भाग: पडद्याबाहेरचा व्ही१ आणि पडद्यातला व्ही०. व्ही० मधल्या छोट्या ‘ए’ (a) सबयुनिटची तर चार जनुकं आहेत. एक गेलं की दुसरं काम उचलू शकतं. पहिल्याच प्रोजेक्टला व्ही१ मधल्या मोठ्या ‘ए’ (A) चं जनुक एटीपी६व्ही१ए घ्यावं, त्याला पर्यायी भावंड नाही.

ब्लॉटचा नमुना उकळणं
आरएनए घटला म्हणजे प्रोटीन घटलंच असं नाही. एसआयआरएनए (जनुकाचा आरएनए तोडायला लावणारा छोटा आरएनए) दिल्यावर ७२ तासांनी प्रोटीन बघायला वेस्टर्न ब्लॉट करा. व्ही० भागातली सबयुनिट्स पडद्यात रुतलेली असतात. नमुना ९५ अंशांवर उकळला तर ती गोळा होऊन जेलच्या वेलमध्येच (नमुना भरायच्या खाचेत) अडकतात आणि आपण खुशाल ‘नॉकडाउन झाला’ म्हणतो. ३७ अंशांवर १५-२० मिनिटं ठेवा.

लायसोट्रॅकरला पीएच मीटर समजणं
सर्वांत जास्त निकाल इथे फसतात. लायसोट्रॅकर हा चमकणारा रंग आम्लधर्मी कप्प्यांत साठतो, पण पीएचचा आकडा देत नाही. पंप बिघडला की टीएफईबी (लायसोसोमची जनुकं चालू करणारं प्रोटीन) जागं होतं, लायसोसोम वाढतात आणि एकूण चमक तेवढीच राहू शकते. फॉर्माल्डिहाइडने फिक्स करून मग रंग घातला तर पीएचचा फरक आधीच गेलेला असतो. आकडा हवा तर ओरेगॉन ग्रीन डेक्स्ट्रान (पीएचनुसार चमक बदलणारा रंग जोडलेली साखर) सेल्सना रात्रभर पाजा, सकाळी धुऊन काही तास ताज्या माध्यमात ठेवा आणि जिवंत सेल्सवरच दोन तरंगलांबींचं गुणोत्तर घ्या. एफआयटीसी हा रंग टाळा, त्याचा पीकेए (ज्या पीएचच्या आसपास तो सर्वांत नीट मोजतो) ६.४, त्यामुळे ५ च्या खाली ते जवळपास आंधळंच. नायजेरिसिन आणि मोनेन्सिन (आतला-बाहेरचा पीएच सारखा करणारी रसायनं) घातलेल्या, भरपूर पोटॅशियमच्या बफरमध्ये पीएच ४ ते ६.५ चा कॅलिब्रेशन वक्र त्याच दिवशी काढा. कालचा वक्र चालत नाही.

खानदेशातला मे
साध्या इनक्युबेटरला गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोली त्याच्या ३७ पेक्षा किमान ५ अंशांनी थंड हवी. जळगावात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा एसी बंद पडला की आतलं तापमान ३७ वर थांबत नाही. म्हणून कोणी कल्चर रूममध्ये कूलर लावतं. तो दमट हवेबरोबर बुरशीचे बीजाणूही फेकतो. बॅफिलोमायसिनचे छोटे भाग करून उणे २० वर ठेवा, लाइट गेली की फ्रीजर उघडू नका. माध्यम पिवळं पडलेल्या सेल्सवर मोजमाप करू नका: अमिनो आम्लं संपली की मानवी सेल्समध्ये व्ही१ आणि व्ही० ची जोडणी वाढते. यीस्टमध्ये ग्लुकोज काढल्यावर मात्र हे दोन भाग सुटे होतात. तो नियम इथे लावू नका.

शेवटची तपासणी रेस्क्यूची, म्हणजे बंद केलेलं जनुक परत देण्याची: एसआयआरएनएला न जुमानणारा सीडीएनए (जनुकाची डीएनए प्रत) परत घाला. पीएच मूळ जागी आला नाही, तर आधी दुसरा, वेगळ्या क्रमाचा एसआयआरएनए वापरून बघा.