अंगणातला लव्हाळा: गाठ निघाली तरच तण गेलं

लव्हाळा हाताने उपटला की पाती निघतात, गाठ मात्र खाली राहते आणि आठवडाभरात नवा कोंब काढते. (दांडा बोटांत फिरवून पाहा, तीन कडा लागल्या तर बहुधा लव्हाळाच.) बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीत, काळ्या तारेसारख्या धाग्याने एकमेकींना जोडलेल्या असतात. खुरप्याने हा धागा तुटतो, आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे फुटते. म्हणजे अर्धवट खुरपणीने तण वाढतंच!

एप्रिल-मे गाठा. कुदळीने वीतभर खणा, ढेकळं फोडा, दिसतील तेवढ्या गाठी वेचा. मग वाफ्याला दोन आठवडे पाणी अजिबात देऊ नका; उरलेल्या गाठी उन्हात सुकून मरतात, ओल राहिली तर जगतात. पावसाळ्यात जे फुटेल ते दर पंधरा दिवसांनी काढत राहा, नव्या गाठी धरायच्या आत.

पातळ काळं प्लास्टिक अंथरून उपयोग नाही, टोकदार कोंब ते भोसकून वर येतो. वेचलेल्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका. आणि नर्सरीतून रोप आणलं की लावण्याआधी पिशवीतली माती तपासा. बऱ्याचदा लव्हाळा तिथूनच येतो.