पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यास पहिल्या काही दिवसांत नातेवाइकांनी काय करावे : कोल्हापूरसाठी मार्गदर्शन

शिकागो शहरात २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री लाक्वान मॅकडॉनल्ड या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलावर एका पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. मुलगा चाकू घेऊन पोलिसांवर चालून आला, असे त्याच रात्री सांगण्यात आले आणि तसेच छापूनही आले. हे कथन मोडले ते दोन गोष्टींनी. पहिली म्हणजे शवविच्छेदनाचा अहवाल आणि दुसरी म्हणजे पोलिसांच्याच गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रीकरण, ज्यात मुलगा पोलिसांपासून दूर जाताना स्पष्ट दिसतो. एका पत्रकाराने माहितीच्या कायद्याखाली मागणी करून न्यायालयातून आदेश मिळवल्यावर, म्हणजे तेरा महिन्यांनी, २४ नोव्हेंबर २०१५ रोजी ते चित्रीकरण लोकांसमोर आले. त्याच दिवशी त्या पोलिसावर खुनाचा आरोप ठेवण्यात आला आणि २०१८ मध्ये ज्युरीने त्याला दोषी ठरवले. त्या रात्रीच्या प्रसंगाविषयी पोलिसी कथनाशी जुळणारे अहवाल लिहिल्याचा आरोप असलेले तीन सहकारी मात्र २०१९ मध्ये निर्दोष सुटले, हेही ध्यानात ठेवलेले बरे.

आपल्याकडे प्रश्न बहुधा गोळीबाराचा नसून कोठडीतल्या मृत्यूचा असतो. तरीही धडा तोच राहतो : पोलिसांचे म्हणणे पहिल्या दिवशीच तयार होते आणि त्याला उत्तर देणारा पुरावा त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच ताब्यात असतो. मोर्चा, ठिय्या, बंद यांना त्यांची जागा आहे आणि कोल्हापूरला ते कोणी शिकवण्याची गरज नाही. पण मोर्चा आठ दिवसांनीही काढता येतो. पुसले गेलेले सीसीटीव्ही चित्रीकरण आठ दिवसांनी परत मिळत नाही. म्हणून घरातल्या चार माणसांपैकी किमान एकाने गर्दीपासून बाजूला होऊन फक्त कागदांच्या मागे लागावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

शवविच्छेदन : पहिले चोवीस तास

कोठडीत मृत्यू झाल्यास पोलिसांच्या तपासाव्यतिरिक्त दंडाधिकाऱ्यांची चौकशी बंधनकारक आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये तशी तरतूद असून, मृतदेह चोवीस तासांच्या आत शल्यचिकित्सकाकडे किंवा अन्य पात्र डॉक्टरांकडे तपासणीसाठी पाठवण्याची जबाबदारी चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांवर आहे. आई-वडील, मुले, भावंडे आणि पती किंवा पत्नी यांना शक्य तेथे कळवावे आणि चौकशीच्या वेळी हजर राहू द्यावे, हेही त्याच कलमात आहे. हा हक्क सांगितल्याशिवाय फारसा कोणी देत नाही. त्यामुळे सीपीआर या कोल्हापुरातील शासकीय रुग्णालयाच्या शवागृहाबाहेर थांबलेल्या नातेवाइकांनी साध्या कागदावर लेखी अर्ज लिहून त्याची पोहोच घ्यावी.

अर्जात तीन मागण्या असाव्यात. शवविच्छेदन एकाहून अधिक डॉक्टरांनी करावे, त्याचे संपूर्ण चित्रीकरण व्हावे आणि व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले शरीरातील अवयवांचे नमुने, राखून ठेवावा. कोठडीतील मृत्यूच्या शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे, अशी सूचना राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ मध्येच दिलेली असल्याने ही मागणी म्हणजे कोणावर अविश्वास दाखवणे नव्हे. स्थानिक दबावाची शंका असेल, तर मिरजेच्या किंवा पुण्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ‘इन कॅमेरा’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर, शवविच्छेदन व्हावे, असे त्याच अर्जात लिहावे. परभणीत सोमनाथ सूर्यवंशी यांचा १५ डिसेंबर २०२४ रोजी न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला, तेव्हा छातीत दुखू लागल्याचे कारण सांगण्यात आले होते. शवविच्छेदन छत्रपती संभाजीनगरला झाले आणि प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदवले गेले. पुढची सगळी लढाई त्या एका ओळीवर उभी राहिली.

मरणोत्तर पंचनामा होताना नातेवाइकांपैकी कोणी हजर असेल, तर त्याने मृतदेह पूर्ण उघडा करून दाखवण्याची विनंती करावी आणि पाठ, तळपाय, मांड्यांचा मागचा भाग व मनगटे यांवर विशेष लक्ष द्यावे, कारण पट्ट्याचे किंवा काठीचे वळ बहुधा तिथेच असतात. दिसलेली प्रत्येक खूण पंचनाम्यात आली आहे का, हे सही करण्याआधी वाचून पाहावे. आली नसेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘पाठीवरील वळांची नोंद घेतलेली नाही’ असे लिहून मगच सही करावी. अंगावरचे कपडे घरी नेऊ नयेत. ते सीलबंद होऊन मुद्देमालात जमा झालेच पाहिजेत.

‘गुन्हा दाखल होईपर्यंत मृतदेह ताब्यात घेणार नाही’ ही भूमिका आपल्या भागात वरचेवर घेतली जाते आणि तिचा दबाव पडतो, हे खरे आहे. पण शवविच्छेदन व्हायच्या आधीच ही भूमिका घेतल्यास वेळ जातो आणि नुकसान आपलेच होते. ती शवविच्छेदनानंतर घ्यावी. दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी करायची असेल, तर ती अंत्यसंस्काराआधीच करावी, कारण दहन झाल्यानंतर त्या मागणीला अर्थ उरत नाही. मृतदेह हाच पुरावा असतो, याची जाण दुसऱ्या बाजूलाही असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यातील संशयित पळून गेला, असे आधी सांगण्यात आले होते आणि नंतर त्याचा जाळलेला मृतदेह आंबोलीत सापडला.

सीसीटीव्ही आणि ठाण्यातील नोंदी

प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, स्वागतकक्ष आणि अधिकाऱ्यांच्या खोल्या दिसतील असे कॅमेरे असावेत आणि चित्रीकरण अठरा महिने, ते शक्य नसल्यास किमान एक वर्ष जपावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी दिला. आदेश असला तरी ‘कॅमेरा बंद होता’ हे उत्तर ऐकण्याची तयारी ठेवावी. ते तोंडी ऐकून न घेता लेखी मागावे, कारण नेमका त्याच रात्री कॅमेरा कसा बंद होता, हा प्रश्न पुढे न्यायालयात उपयोगी पडतो.

मृत्यू कळल्यापासून दोन दिवसांच्या आत कसबा बावड्यातील पोलीस अधीक्षक कार्यालयात, तसेच मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, पुढील मजकुराचा अर्ज द्यावा :

‘माझे बंधू यांना दिनांक … रोजी … वाजता … पोलीस ठाण्यात नेण्यात आले व दिनांक … रोजी त्यांचा मृत्यू झाला. या संपूर्ण कालावधीतील ठाण्याच्या सर्व कॅमेऱ्यांचे मूळ चित्रीकरण, स्टेशन डायरी, कोठडीची नोंदवही, अटक पंचनामा, अटकेवेळच्या वैद्यकीय तपासणीचा अहवाल, संबंधित वाहनाचे लॉगबुक आणि बिनतारी संदेशांची नोंद तात्काळ सीलबंद करून सुरक्षित ठेवावी. यांतील काहीही नष्ट झाल्यास तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार समजण्यात येईल.’

अर्ज हातोहात देऊन आवक क्रमांक घ्यावा. शिक्का मारण्यास टाळाटाळ झाली, तर वाद घालत बसण्याऐवजी थेट पोस्टात जाऊन तोच अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी.

वरील यादीत अटकेवेळच्या वैद्यकीय तपासणीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. अटकेनंतर लगेच डॉक्टरांकडून तपासणी करून अंगावरील जखमांची नोंद ठेवणे कायद्याने आवश्यक आहे. त्या अहवालात ‘जखम नाही’ असे लिहिलेले असेल आणि शवविच्छेदनात पंधरा जखमा निघाल्या, तर त्या मधल्या काळात झाल्या, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. माणूस आधीच आजारी होता किंवा लोकांनी त्याला मारहाण केली होती, हा नेहमीचा बचाव याच एका कागदापुढे टिकत नाही. उलट अटकेच्या आधीच जखमा झाल्या असतील, तर तेही याच कागदावरून समजते आणि ते प्रांजळपणे मान्य करावे लागते.

माहितीच्या अधिकाराखालीही हेच कागद मागता येतात. अर्जावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. तपासाला अडथळा येईल, असे सांगून माहिती नाकारली जाण्याची शक्यता मोठी आहे. तरी नकार लेखी मिळवावा आणि तीस दिवसांच्या आत पहिले अपील करावे.

घटना कोणी मोबाईलवर टिपली असेल, तर ते चित्रीकरण केवळ व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नये, कारण त्यात दर्जा उतरतो आणि मूळ फाइलची माहिती निघून जाते. ज्या फोनवर चित्रीकरण झाले, तो फोन तसाच जपावा. इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात मांडण्यासाठी लागणारे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र त्याच्याच आधारे मिळते. अमेरिकेत नॉर्थ चार्ल्सटन येथे एप्रिल २०१५ मध्ये वॉल्टर स्कॉट या कृष्णवर्णीय नागरिकाला पाठीत गोळ्या घालणाऱ्या पोलिसाला वीस वर्षांची शिक्षा झाली. रस्त्याने जाणाऱ्या एका माणसाने ते दृश्य फोनवर टिपले नसते, तर पोलिसाने सांगितलेली झटापटीची गोष्टच खरी मानली गेली असती.

गुन्हा नोंदवण्याचा क्रम

सुरुवातीला ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद होते आणि घरच्यांना वाटते की गुन्हा दाखल झाला. तसे नसते. ज्यांच्यावर संशय आहे, त्यांची नावे घेऊन किंवा नावे माहीत नसल्यास ‘त्या रात्री ड्युटीवर असलेले कर्मचारी’ असे म्हणून वेगळी लेखी फिर्याद द्यावी. ठाण्याने ती घेतली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार अधीक्षकांकडे पाठवावी आणि तिथेही दाद न मिळाल्यास कलम १७५ खाली दंडाधिकाऱ्यांकडे जावे. मृत व्यक्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल आणि प्रसंगात तसे घटक असतील, तर अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे पहिल्याच फिर्यादीत मागावीत. तसा गुन्हा लागल्यास तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही.

मृत्यू गोळीबारात झाला असेल, तर सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात २३ सप्टेंबर २०१४ रोजी दिलेली सोळा मार्गदर्शक तत्त्वे लागू होतात. त्यानुसार तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने वरिष्ठ अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली करावा लागतो, शवविच्छेदन दोन डॉक्टरांनी करावे लागते आणि शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत संबंधितांना पुरस्कार किंवा बढती देता येत नाही. या तत्त्वांचे पालन होत नसेल, तर नातेवाइकांना सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. ही शेवटची तरतूद वकिलांच्याही सहसा लक्षात राहत नाही.

दंडाधिकाऱ्यांचा अहवाल पोलिसांच्या विरुद्ध आला, तरी आपोआप गुन्हा दाखल होत नाही. परभणीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिल्यावर आणि त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले असता ३० जुलै रोजी तिथेही तो आदेश कायम राहिल्यावरच मार्ग मोकळा झाला. अशा रिट याचिकेसाठी कोल्हापूरच्या माणसाला पूर्वी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आहे. सहा जिल्ह्यांतील वकिलांनी अनेक वर्षे केलेल्या आंदोलनाचा उपयोग अशा वेळी खऱ्या अर्थाने कळतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मानवाधिकार आयोगाकडे तक्रार करण्यास खर्च नाही आणि ती मराठीतही चालते, मात्र घटनेपासून एक वर्षाच्या आत ती पोहोचली पाहिजे. मुंबईतील राज्य आयोग किंवा दिल्लीतील राष्ट्रीय आयोग यांपैकी एकाचीच निवड करावी, कारण एका आयोगाने दखल घेतल्यावर दुसरा ती घेत नाही. पोलीस तक्रार प्राधिकरणाचा मार्गही खुला आहे आणि कोल्हापूर त्यासाठी पुणे विभागात मोडते.

भरपाईविषयी शेवटी एक काळजी घ्यावी. कोठडीतील मृत्यूबद्दल राज्याने भरपाई द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने नीलबती बेहरा प्रकरणात १९९३ मध्येच स्पष्ट केले आहे आणि ती स्वीकारल्याने फौजदारी खटला संपत नाही. शिकागोच्या पालिकेनेही चित्रीकरण बाहेर येण्याच्या सात महिने आधी मॅकडॉनल्ड कुटुंबाला पन्नास लाख डॉलर मंजूर केले होते आणि खटला तरीही उभा राहिला. त्यामुळे मदतीचा धनादेश घेताना ‘आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही’ असे वाक्य असलेला जबाब पुढे आला, तर ते वाक्य खोडून, खोडल्याच्या जागी सही करून मगच कागद परत द्यावा आणि त्याचा फोटो तिथेच काढून घ्यावा.